पहिली डाइव्हिंग खरेदी : नंबर −४.५, पाऊल ३६, बजेट ४० हजार

शंखशिंपली | ९ जून, रात्री १०.१२

मंडळी, फेब्रुवारीत हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, ओपन वॉटर कोर्स केला. वय ४७. नवरा किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसला होता आणि मी अठरा मीटर खाली होते, हे वाक्य गेले चार महिने घरी येईल त्या पाहुण्याला ऐकवून झालंय. आता तुम्हाला ऐकवते.

मुद्दा असा की सगळ्या डाइव्ह भाड्याच्या सामानावर झाल्या. मास्क गळत होता. पायात घालायच्या वल्ह्यांसारख्या फिन्स मोठ्या, त्यामुळे पोटरीत गोळे. आणि मला चष्मा आहे, −४.५, तो अर्थातच बोटीवर डब्यात. तिसऱ्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरने कासव दाखवलं. सगळ्यांनी ओकेची खूण केली म्हणून मीही केली. मला एक हिरवट ढग दिसला होता. संध्याकाळी व्हिडिओ बघितला तर कासव माझ्यापासून जेमतेम तीन हातांवर!

तर आता स्वतःचं सामान घ्यायचं ठरवलंय. एका दुकानाने 'बिगिनर पॅकेज' पाठवलंय : रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणून देणारा), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट), मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क, फिन्स, बॅग, सगळं मिळून १ लाख ३२ हजार. माझं बजेट ४०. नोव्हेंबरात नेत्राणीला (कर्नाटकातलं मुरुडेश्वरजवळचं बेट) जायचं आहे, डिसेंबरात मालवण (माहेर कुडाळ). वर्षाला फार तर आठ-दहा डाइव्ह होतील. आधी काय घेऊ?

बघ्या | ९ जून, रात्री १०.३१

ऑक्सिजनची टाकी त्या पॅकेजात नाही का? बाकी सगळं आणि श्वास उधारीचा?

हिशेबनीस | ९ जून, रात्री १०.५०

बघ्या, ती ऑक्सिजनची नसते हो. साधी हवाच असते, दाबून भरलेली. आणि टाकी कोणीच विकत घेत नाही, ती सेंटरची. विमानात भरलेली नेता येत नाही आणि घरी भरणार कुठे, पेट्रोल पंपावर?

ताई, तुमच्या पॅकेजचा हिशेब मांडतो. रेग्युलेटर आणि बीसीडी मिळून ९० हजार धरू. सेंटरवाले बहुतेकदा सामानासकट दर लावतात, वेगळं भाडं घेतलं तर दिवसाला हजार धरा. तुमचे डाइव्हचे दिवस वर्षाला चार-पाच. म्हणजे भाडं पाच हजार. आता रेग्युलेटर स्वतःचा असला की त्याची सर्व्हिसिंग आली. तीच भाड्याच्या आसपास जाते. म्हणजे ९० हजार घालून वर्षाला शून्य रुपये वाचतात. पैसे कधीच वसूल होत नाहीत, दहा वर्षांतही नाहीत.

खोरफक्कन | ९ जून, रात्री ११.४०

हिशेब बरोबर आहे, पण तोंडात काय घालतो याचा हिशेब पैशात होत नाही राव. मी इथे अमिरातीत, फुजैराच्या बाजूला दर दुसऱ्या शुक्रवारी उतरतो. पहिल्याच वर्षी सगळा सेट घेतला आणि एकदाही पस्तावलो नाही. आपला रेग, म्हणजे रेग्युलेटर, कसा श्वास देतो, आपल्या बीसीडीतली हवा सोडायचं डम्प व्हॉल्व्ह नेमकं कुठे आहे, हे हाताला पाठ असलं की डोकं मासे बघायला मोकळं. दर वेळी नवं जॅकेट, नवी बटणं, नवे पट्टे. त्यातच पहिली दहा मिनिटं जातात.

माझं मत : पैसे साठवा, सहा महिने थांबा, पण पूर्ण सेट घ्या. आणि टाकीला जोडायच्या दोन पद्धतींपैकी रेग डिनचा (आट्यांनी फिरवून बसणारा) घ्या, ए-क्लॅम्प (बाहेरून पकडणारा) नको.

पान्हा | १० जून, सकाळी ७.०५

खोरफक्कनभाऊ, तुम्ही महिन्यातून दोनदा उतरता, ताई वर्षातून दोनदा. तिथेच सगळा फरक आहे.

मी रेग्युलेटर खोलतो, माझं काम तेच. वापरून बिघडलेले रेग कमी येतात, न वापरून बिघडलेले जास्त. डिसेंबरात डाइव्ह केली, नळाखाली धरल्यासारखं केलं, कपाटात ठेवला, पावसाळा गेला, पुढच्या नोव्हेंबरात काढला. फर्स्ट स्टेजमध्ये (टाकीला जोडतो तो भाग) खारे खडे, ओ-रिंगने (हवा अडवणारं रबरी कडं) चेपून धरलेला आकार, माउथपीसला बुरशी. मुंबई-कोकणाच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याच्या चपलेला पांढरी लव येते, ती तुमच्या सेकंड स्टेजच्या, म्हणजे तोंडाकडच्या भागाच्या, पडद्याला का सोडेल? कंपन्या वर्षाला किंवा शंभर डाइव्हना सर्व्हिस सांगतात, काही दोन वर्षं म्हणतात. पण त्यात 'जे आधी होईल ते' असतं. वापरलाच नाही म्हणून सूट नाही.

भाड्याचा रेग रोज पाण्यात जातो आणि बिघडला तर संध्याकाळी सेंटरवाल्याला कळतं. चांगलं सेंटर असेल तर तो तुमच्या कपाटातल्या रेगपेक्षा भरवशाचा.

आणि डिनबद्दल : आपल्याकडे सेंटरच्या टाक्यांना बहुतेक ए-क्लॅम्पचा व्हॉल्व्ह. काहींत आतली खीळ अॅलन कीने काढली की डिन बसतो, पण सकाळी सहाला बोट सुटताना ती किल्ली शोधणार कोण? मग अॅडाप्टर लावायचा, फर्स्ट स्टेज डोक्याकडे सरकतो आणि वर बघितलं की डोक्याला टप्पल. आखातात डिन ठीक. इथे पहिल्या खरेदीला त्याची गरज नाही.

तोंडाचंच म्हणाल तर स्वतःचा माउथपीस घ्या. काहीशे रुपयांची वस्तू. सोबत दोन प्लास्टिकचे टाय. सेंटरवाल्याला सांगा, पाच मिनिटांत बदलून देतो.

शंखशिंपली | १० जून, सकाळी ९.२०

माउथपीस वेगळा मिळतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! माझा जबडा लहान आहे, चाळीस मिनिटांनी कानशिलं दुखायची. मला वाटलं डाइव्हिंगमध्ये दुखतंच.

चिवल्याचो | १० जून, दुपारी २.१५

मालवणात गाइड म्हणून काम करतंय, पंधरा वर्षां झाली. आता दुकान बंद असा, मे संपता संपता समुद्र बंद होता तो पावसाळो सरल्यावरच उघडता, म्हणून लिवूक वेळ गावलो. माका विचारशात तर पयलो मास्क. मगे बाकीचा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. भाड्याचा मास्क सगळ्यांच्या तोंडावर बसावा म्हणून घेतलेला असतो, म्हणजे कुणाच्याच तोंडावर नीट बसत नाही. दुकानात जा, पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकासा श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. जोरात ओढू नका, जोरात ओढला तर बादलीपण चिकटेल. हसून बघा, गालाला पडणाऱ्या वळीतून हवा येते का ते कळतं. माउथपीस तोंडात धरून परत बघा, कारण ओठ ताणले की वरच्या ओठाची जागा बदलते. केस आत येऊ देऊ नका. नाकाचा कप्पा दोन बोटांत चिमटीत येतो का बघा, कान फोडायला, म्हणजे नाक धरून फुंकून कानांतला दाब मोकळा करायला, तो लागतोच. साधे पोहण्याचे गॉगल म्हणूनच चालत नाहीत. त्यांत नाक बाहेर, मग खाली दाब वाढला की गॉगल डोळ्यांभोवती रुततात आणि आत हवा सोडता येत नाही.

रंग बघून घेऊ नका. आणि ऑनलाइन तर नकोच, चेहरा ऑनलाइन जात नाही.

बघ्या | १० जून, दुपारी २.४०

मिशीवाल्यांनी काय करायचं? मित्रासाठी विचारतोय.

चिवल्याचो | १० जून, दुपारी ३.०२

मित्राला सांगा नाकाखालची एक बारीक पट्टी भादरायची, मास्कची कड तिथे बसते. नाहीतर गळणार, आणि दर दोन मिनिटांनी नाकाने फुंकून पाणी काढायचं. मीपण मिशीवालाच.

चाळिशीपार | १० जून, रात्री ८.४५

मुख्य विषयाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. ताई, माझा नंबर −५ आणि वय ५१, त्यामुळे तुमच्या कासवाचं दुःख मला कळतं.

दोन काचांच्या बऱ्याच मास्कना तयार नंबरच्या काचा मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी. मूळ काच काढून ती बसवतात. तेव्हा मास्क निवडतानाच विचारा की या मॉडेलला नंबरच्या काचा येतात का. एकसंध काचेच्या मास्कला येत नाहीत. तुमचा सिलिंडर नंबर मोठा असेल तर तयार काच पुरणार नाही, वेगळी बनवून आतून चिकटवावी लागते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवरही बरेच लोक उतरतात. रोज टाकून द्यायच्या घ्या, कारण मास्क भरला आणि डोळे उघडे असले की लेन्स गेली. शिवाय समुद्राचं पाणी शिरलेली लेन्स रात्रभर डब्यात ठेवून परत डोळ्यात घालायची नसते.

पण खरी गंमत पुढे आहे, ती मला चार हजार रुपये खर्च केल्यावर कळली. तुमचं वय ४७. चाळिशी लागली असेलच. जमिनीवर तुम्ही चष्मा काढून पेपर वाचत असाल. फेब्रुवारीत तुम्हाला कासव दिसलं नाही, पण टाकीत उरलेली हवा दाखवणारं हातातलं गेज दिसत होतं ना? आता नंबरचा मास्क घातलात की उलटं होईल. कासव लख्ख, गेज धूसर. आणि मास्क काही कपाळावर सरकवता येत नाही!

त्यात पाणी भर घालतं. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते आणि पाऊण अंतरावर आल्यासारखी वाटते. मोठी दिसते ते चांगलं, पण जवळ आली म्हणजे आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांना अजून कठीण. हात लांब करून वाचायची सवय आहे तेवढी कामाला येते.

मी काय केलं : पूर्ण −५ न लावता −४ च्या काचा लावल्या. लांबचं किंचित मऊ दिसतं, पण मालवणात तसंही लांबचं काय दिसतं, सात-आठ मीटर विझ (पाण्यातली दृश्यता) मिळाली की आम्ही पेढे वाटतो. काही जणी खालच्या बाजूला वाचायच्या नंबरचे छोटे तुकडे आतून चिकटवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना मास्क घेऊनच भेटा. ते आधी हसतात, मग त्यांना मजा येते.

शंखशिंपली | १० जून, रात्री ९.३०

अगं बाई! हो, गेज मला अगदी स्पष्ट दिसत होतं. इन्स्ट्रक्टर म्हणालासुद्धा, 'आंटी, तुम्ही सारखं गेजच बघता.' दुसरं दिसतच नव्हतं तर काय बघणार!

एक बाळबोध प्रश्न. घरी मुलाने स्नॉर्केलिंगसाठी आणलेला पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आहे, नळी वर असलेला. त्यात चष्म्याची फ्रेम बसवता येते म्हणे. तो चालेल का?

चिवल्याचो | १० जून, रात्री ९.४१

नाय. नाय. नाय.

तो पाण्यावर तरंगायला आहे. त्यात नाक धरता येत नाही म्हणजे कान फोडता येत नाहीत, आणि रेग्युलेटर तोंडात घालायला तोंडच मोकळं नसतं. डाइव्हिंगचे पूर्ण चेहऱ्याचे मास्क वेगळे, महाग, त्यांचं शिक्षण वेगळं.

हिशेबनीस | ११ जून, सकाळी ८.१०

मास्कवर एकमत दिसतंय. माझ्या मते दुसरी वस्तू कॉम्प्युटर, म्हणजे दाबाखाली शरीरात शिरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवून किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारं यंत्र, आणि इथे मी पैसे खर्च करा म्हणतो आहे याची नोंद घ्यावी.

लोक म्हणतात, गाइडकडे असतो की. पण गाइड तुमच्या दोन मीटर वर असेल तर त्याच्या शरीरात शिरलेला नायट्रोजन वेगळा, तुमच्यात वेगळा. सकाळची डाइव्ह तुम्ही केली आणि त्याने नाही, तर दुपारी त्याच्या मनगटावर तुमचा सकाळचा हिशेबच नाही. भाड्याच्या कॉम्प्युटरचंही तेच, आज हा उद्या तो. टूथब्रशसारखी वस्तू आहे, एकाचीच असावी.

नव्याला मात्र एक समजून घ्यायला हवं. जुन्या छापील तक्त्यात अठरा मीटरला, मध्ये न थांबता वर येता येईल इतकं राहायची मर्यादा ५६ मिनिटं असते. तुम्ही तितका वेळ राहूच शकत नाही, कारण हवा आधी संपते. अठरा मीटरला दाब २.८ बार. वर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ५६ लिटर घेतो. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, २०० बार भरलेली. पन्नास बार राखून ठेवले तर वापरायला १६६५ लिटर. म्हणजे अर्धा तास. त्यातही घाबरलात की मिनिटाला तीस लिटर. म्हणून पहिल्या वर्षी तीन-तीन गॅसचं मिश्रण मोजणारा, टाकीचा दाब वायरलेस दाखवणारा, रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर घेऊ नका. खोली, वेळ, उरलेली मिनिटं, वर येण्याचा वेग, वर येताना थांबायची (सेफ्टी स्टॉप) तीन मिनिटं. संपलं.

चाळिशीपार | ११ जून, सकाळी ८.५५

आणि आकडे ठसठशीत! मी दुकानात चष्मा काढून, नंबरचा मास्क घालून कॉम्प्युटर निवडला. सेल्समन पोरगा बघत राहिला. क्रेसीचा लिओनार्दो घेतला, एकच बटण आणि आकडे केवढाले. सुंटोचा झूप, मारेसचा पक हेही त्याच पठडीतले. मनगटी घड्याळासारखे दिसणारे देखणे असतात, पण आपल्या डोळ्यांना नकोत.

पान्हा | ११ जून, सकाळी ९.३०

बॅटरी स्वतः बदलता येते ना, एवढं विचारून घ्या. नाहीतर नेमकी तुमच्या सहलीआधी संपते. आणि ती बदलताना ओ-रिंगवर एक केस जरी राहिला तरी कॉम्प्युटर गेला.

खोरफक्कन | ११ जून, दुपारी १२.२०

बरं, माझा पूर्ण सेटचा मुद्दा मी त्यांच्यापुरता मागे घेतो. पण फिन्स आणि ऊब राखणारा वेटसूट तरी स्वतःचे घ्या. ३६ नंबरचं पाऊल म्हणजे भाड्याच्या पेटीत सापडणारच नाही.

चिवल्याचो | ११ जून, संध्याकाळी ६.००

फिन्स होया. बोटीवरून उतरणार, मग पायात बुटासारख्या घालायच्या फुल-फूट घ्या, हलक्या पडतात. किनाऱ्यावरून खडकांतून चालत जायचं असेल तर मागे पट्टा असलेल्या आणि आत घालायच्या निओप्रीनच्या बुटी. घेताना पातळ निओप्रीनचे मोजे घालून मापा, नाहीतर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड. फ्रीडायव्हर वापरतात त्या लांबलचक फिन्स घेऊ नका, वळताना मागच्याचा मास्क काढशात.

पोटरीत गोळे मात्र फक्त फिन्समुळे येत नाहीत. गुडघ्यातून सायकल मारली की येतात. ते दुकानात मिळत नाही.

आणखी एक, आमच्याकडे येताय म्हणून सांगतो. मालवणात वर जेट-स्की, पॅरासेलिंगच्या बोटी, मच्छीमारांच्या होड्या. गटापासून सुटलात तर वर येण्याआधी नारिंगी फुगा वर गेला पाहिजे. स्वतःचा एसएमबी (हाच तो फुगा) आणि दोरीची फिरकी, दोन्ही मिळून खिशात मावतं. सोडायचं आधी शिकून घ्या, दोरी स्वतःभोवती गुंडाळून वर आलेले पाहुणे बघितलेत मी. आणि मोठा सुरा नको, छोटा लाइन कटर घ्या. खडपात तुटलेली जाळी अडकलेली असतात.

शंखशिंपली | ११ जून, रात्री १०.०५

सूटचं सांगा ना कोणी. दुसऱ्या डाइव्हला मी कुडकुडत होते आणि बाकीची पोरं टी-शर्टवर. पाणी २८ अंश होतं म्हणे!

चाळिशीपार | १२ जून, सकाळी १०.४०

२८ अंशांचं पाणी म्हणजे ३७ च्या अंगाला गारच की, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने ऊब पळवतं. पोरं दुसऱ्या डाइव्हपर्यंत हाडाहाडांत गार होत नाहीत, आपण होतो. तीन मिलीमीटरचा पूर्ण बाह्यांचा घ्या, अंदमान-नेत्राणी-मालवण तिन्हीकडे पुरतो. खोरफक्कनना हिवाळ्यात पाच लागत असेल.

मापाचं सांगते, उघडच सांगते. भाड्याचे सूट पुरुषांच्या अंगाचे. खांदे सैल, ढुंगणावर घट्ट, पाठीच्या कण्याशी पोकळी. त्या पोकळीतून पाणी खेळत राहिलं की सूट असून नसल्यासारखा. बायकांच्या मापाचाच घ्या आणि दुकानात खाली बसून, हात वर करून बघा. कोरडा असताना थोडा घट्टच हवा. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घाला, सर्रकन जातो. ही युक्ती मला बोटीवर एका आजींनी शिकवली.

वाळवण्याबद्दल मात्र सावध. आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर. पहिल्यांदा सूट धुऊन रात्री बाल्कनीत हँगरला लावला. पहाटे पावणेपाचला वॉचमन धापा टाकत दारात, 'मॅडम, तुमच्या गॅलरीत कोणी लटकलंय!' तेव्हापासून न्हाणीघरात वाळतो.

पान्हा | १२ जून, सकाळी ११.१५

न्हाणीघरच बरं. उन्हात निओप्रीन कडक होतं. आणि घडी घालून ठेवू नका, घडीवर पातळ पडतं. जाड खांद्याचा हँगर.

नव्या मास्कची काच घासायला विसरू नका. कारखान्यातून आलेल्या काचेवर आतून एक पातळ थर असतो, त्यामुळे थुंकी लावली तरी धुकं येतं. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको, बोटाने चोळायची, तीन-चार वेळा. पण नंबरच्या काचांवर कोटिंग असेल तर आधी दुकानदाराला विचारा. आणि पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला चिकटून कपाटात ठेवला की पिवळा पडतो, त्याच्याच डब्यात ठेवा.

शंखशिंपली | २९ जून, रात्री ९.५०

उशिरा लिहिते आहे, आईचं आजारपण होतं. आता बरी आहे. खरेदी झाली.

अकरा मास्क चेहऱ्याला लावून बघितले, बारावा हसल्यावरही सुटला नाही. काळा आहे, मला निळा हवा होता. डॉक्टरांशी बोलून −३.५ च्या काचा. दुकानाच्या भिंतीवरचं माशांचं पोस्टर दारातून वाचता आलं आणि कॉम्प्युटरही वाचता आला, हात थोडा लांब करून. कॉम्प्युटर मोठ्या आकड्यांचा, फिन्स ३५-३६, माउथपीस, एसएमबी आणि फिरकी, कटर. एकूण ३९ हजार ४००. सूट राहिला, तो दिवाळीच्या भाऊबीजेवर टाकलाय. पॅकेजवाल्या दुकानदाराचा फोन अजून येतो, आता ९८ हजारांवर आलाय.

कॉम्प्युटर बादलीत बुडवून बघितला, चालू होतो. नवरा म्हणतो, बादलीत खोली किती दाखवतोय?

बघ्या | २९ जून, रात्री १०.०२

किती दाखवतोय?

शंखशिंपली | २९ जून, रात्री १०.०४

काहीच नाही. मीटरभर तरी खोल पाणी हवं म्हणे. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला सोसायटीचे सेक्रेटरी परवानगी देत नाहीत.